कोड तोच, असेंब्लर नवा: अडलेलं कर्नल बिल्ड मार्गी लावताना

काल संध्याकाळी ज्या लिनक्स कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं) बिल्ड, म्हणजे सोर्सपासूनची बांधणी, विनातक्रार झालं होतं, ते आज सकाळी मध्येच थांबतं. सोर्समधली एक ओळही बदललेली नाही. मधल्या काळात मशीनवरचं उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलं, एवढंच. पडद्यावर मात्र हे दिसतं:

गेटटाइमऑफडे.एच: असेंब्लर मेसेजेस:
७१: एरर: अनरेकग्नाइज्ड ऑपकोड 'सीएसआरआर ए५,०एक्ससी०१'

(आज्ञा आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

हा संदेश रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठी लिनक्स कर्नल बांधताना येतो. ५.१० किंवा ५.१५ च्या एखाद्या जुन्या टॅगवर (नाव देऊन ठेवलेल्या आवृत्तीवर) काम करणाऱ्या बऱ्याच जणांची याच्याशी गाठ पडली आहे. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ७१ वी ओळ उघडायची आणि तिच्यात काहीतरी बदलून पाहायचं. ते करू नका. ती ओळ बरोबर आहे. सीएसआरआर ही सीएसआर, म्हणजे प्रोसेसरची नियंत्रणाची रजिस्टरं, वाचणारी खरी सूचना आहे आणि प्रोसेसरला ती येते. बिघडलाय तो कंपायलर (सी कोडची असेंब्ली करणारा), असेंब्लर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा) आणि कर्नलची मेकफाइल (बांधणीची कृती सांगणारी) या तिघांमधला करार. तिघांपैकी कोणी कलम बदललं, हे कळेपर्यंत सोर्सला हात लावायचा नाही. हे एक पथ्य पाळलं तर अर्धा दिवस वाचतो.

आधी बोलतंय कोण ते ओळखा

कर्नल बिल्डमध्ये तक्रार करणारे बरेच असतात: कंपायलर, असेंब्लर, ऑब्जटूल (तयार ऑब्जेक्ट फाइली तपासणारा), लिंकर (त्या जोडणारा), मॉडपोस्ट (मॉड्यूलांची शेवटची तपासणी करणारा). प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी. 'असेंब्लर मेसेजेस' असा मथळा दिसला की बोलणारा ग्नू असेंब्लर, म्हणजे बिनयुटिल्स या ग्नूच्या साधनसंचातला 'एएस'. फाइलचं नाव .सी किंवा .एच असलं तरी फसू नका. सी कोडमध्ये इनलाइन असेंब्ली लिहिलेली असते तेव्हा कंपायलर तिच्यात डोकावत नाही. रजिस्टरांची नावं भरून अवतरणातला मजकूर तो असेंब्लरकडे सरकवतो आणि मोकळा होतो. त्यामुळे जीसीसीचा, म्हणजे ग्नू कंपायलरचा, टप्पा बिनबोभाट पार पडतो आणि बोंब पुढच्या दारातून ऐकू येते.

दुसरी गोष्ट म्हणजे नेमकी पहिली चूक शोधणं. आठ-सोळा कामं एकाच वेळी चालू असली की मूळ चूक दोन पडदे वर जाते आणि खाली फक्त 'मेक: एरर २' उरतं. म्हणून एकदा एकाच धाग्यावर, पूर्ण आज्ञा दिसतील अशा रीतीने बिल्ड चालवा:

मेक आर्क=रिस्कव्ही क्रॉस_कंपाइल=रिस्कव्ही६४-लिनक्स-ग्नू- व्ही=१ -जे१

'व्ही=१' मुळे जीसीसीला दिलेली लांबलचक ओळ जशीच्या तशी दिसते. ती एका फाइलमध्ये जपून ठेवा, पुढे तिचीच चिरफाड करायची आहे. काही जण ऑब्जेक्ट फाइलशेजारच्या .सीएमडी फाइलमध्ये आज्ञा शोधतात. पण ती फाइल टप्पा यशस्वी झाल्यावरच लिहिली जाते, त्यामुळे जिथे बिल्ड पडलं नेमकी तिथलीच ती सापडत नाही, किंवा जुनी सापडते.

त्या लांब ओळीत आपल्याला एकच शब्द हवा आहे: '-मार्च=', म्हणजे प्रोसेसरच्या कोणत्या सूचना वापरायच्या ते सांगणारा पर्याय. त्याच्यापुढे बहुधा 'आरव्ही६४आयएमएसी' असेल. यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे सूचनांचा एक गट: आय म्हणजे मूळ पूर्णांकी सूचना, एम गुणाकार-भागाकाराचा, ए ॲटॉमिक, सी दाबून बसवलेल्या १६ बिटांच्या सूचनांचा. एफ आणि डी हे दशांशाचे गट सी कोडसाठी मुद्दाम वगळलेले असतात, कारण कर्नलने स्वतःच्या कामासाठी दशांशाच्या रजिस्टरांना हात लावायचा नसतो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे एका ठिकाणी तो पाय अडकवतो.

हत्यारांची हजेरी

आता आवृत्त्या पाहा:

रिस्कव्ही६४-लिनक्स-ग्नू-एएस --व्हर्जन
रिस्कव्ही६४-लिनक्स-ग्नू-जीसीसी --व्हर्जन
रिस्कव्ही६४-लिनक्स-ग्नू-जीसीसी -प्रिंट-प्रोग-नेम=एएस

तिसरी आज्ञा बहुतेक जण गाळतात. जीसीसी नेमका कोणता असेंब्लर हाक मारून बोलावतो, ते तिच्यातून कळतं. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे. टर्मिनलवर 'एएस' विचारलं की २.३४ सांगायचा, आणि जीसीसी मात्र कधीकाळी ऑप्ट फोल्डरमध्ये उतरवून ठेवलेल्या टूलचेनमधला (कंपायलर-असेंब्लरच्या संचामधला) दुसराच एएस वापरत होता. मी ज्याची चौकशी करत होतो तो बिचारा निर्दोष होता.

कर्नल ५.१३ किंवा नंतरचं असेल तर आणखी एक सोय आहे. .कॉन्फिग फाइलमध्ये 'कॉन्फिग_एएस_व्हर्जन' शोधा. २.३८ असेल तर तिथे २३८०० लिहिलेलं दिसेल. असेंब्लर ग्नूचा की एलएलव्हीएमचा (क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या घराण्याचा) तेही शेजारीच नोंदलेलं असतं. मात्र ही नोंद कॉन्फिगरेशन झालं त्या वेळची असते. फक्त बिनयुटिल्स बदललं असेल तर 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' स्वतःहून चालवा, नाहीतर कर्नल जुन्याच असेंब्लरच्या भरवशावर निर्णय घेत राहील.

उबुंटू २०.०४ मध्ये बिनयुटिल्स २.३४ होतं, २२.०४ मध्ये २.३८ आलं. डेबियन १२ मध्ये २.४० आहे. आपला संशयित २.३८.

तीन ओळींचा पुरावा

संशय खरा की खोटा हे पाहायला अख्खं कर्नल बांधायची गरज नाही. सीएसआरआरसारखीच अडणारी फेन्स.आय ही एकच सूचना (कोडमधले ताजे बदल प्रोसेसरला दिसतील हे ती पाहते) थेट असेंब्लरला खायला घाला:

प्रिंटएफ 'फेन्स.आय\एन' | रिस्कव्ही६४-लिनक्स-ग्नू-एएस -मार्च=आरव्ही६४आयएमएसी -ओ /डेव्ह/नल

२.३८ वर ही आज्ञा नाकारली जाते. आता मार्चच्या शेवटी '_झीसीएसआर_झीफेन्सआय' जोडा आणि पुन्हा चालवा. मुकाट्याने पार पडते. तिसऱ्यांदा मार्च मूळचाच ठेवा आणि '-मिसा-स्पेक=२.२' हा पर्याय द्या. तरीही पार पडते.

या तीन ओळींनी खटला जवळजवळ निकाली निघतो. सूचना तीच, असेंब्लर तोच; फरक पडला तो कोणत्या कायद्याने न्याय करायचा याचा. नव्या बिनयुटिल्समध्ये संदेशाच्या शेवटी 'एक्स्टेन्शन झीसीएसआर रिक्वायर्ड' असंही लिहून येतं, तेव्हा तर शोधायलाही लागत नाही.

एकत्र कुटुंबाची वाटणी

रिस्क-फाइव्हच्या २.२ या जुन्या विनिर्देशात आय हे एकत्र कुटुंब होतं. सीएसआर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सूचना आणि फेन्स.आय त्याच घरात राहत. २०१९ मध्ये वाटणी झाली, आणि त्याच वर्षीच्या २०१९१२१३ या आवृत्तीत (तारीखच आहे ती, १३ डिसेंबर २०१९) ती कायम आहे. सीएसआरच्या सूचनांनी 'झीसीएसआर' नावाने वेगळी चूल मांडली, फेन्स.आयने 'झीफेन्सआय' नावाने. कारण रास्त होतं: अगदी लहान चिपला या दोन्हींची गरज असतेच असं नाही.

वाटणीचा कागद २०१९ चा, पण असेंब्लरने तो प्रमाण मानला २.३८ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२२ पासून. जीसीसीने १२.१ मध्ये तेच केलं. कर्नलची मेकफाइल मात्र अजून एकत्र कुटुंबाच्या हिशेबाने फक्त आय लिहीत होती. अक्षरांची 'जी' ही बेरीज वापरणाऱ्या सामान्य प्रोग्रामना (आरव्ही६४जीसी) याची झळ लागली नाही, कारण नव्या व्याख्येत जीमध्ये ही दोन्ही नवी घरं धरलेली आहेत. कर्नल जी वापरत नाही, अक्षरं सुटी लिहितं, कारण त्याला एफ-डी गाळायचे असतात. म्हणून घाव नेमका त्याच्यावर बसला.

दुरुस्ती: माझ्या पसंतीच्या क्रमाने

सगळ्यात चांगली दुरुस्ती म्हणजे आधीच झालेली दुरुस्ती उचलणं. मुख्य प्रवाहात ती ५.१७ मध्ये, म्हणजे मार्च २०२२ मध्ये आली. तिचं शीर्षकच 'रिस्कव्ही: फिक्स बिल्ड विथ बिनयुटिल्स २.३८' असं आहे. दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या शाखांमध्येही ती मागे नेली गेली. म्हणजे तुम्ही ५.१५ च्या सुरुवातीच्या टॅगवर अडकला असाल, तर त्याच शाखेच्या ताज्या टॅगवर गेलात की प्रश्न बहुधा सुटतो. ते शक्य नसेल, उदाहरणार्थ बोर्ड बनवणाऱ्याने दिलेलं स्वतःचं कर्नल असेल, तर मुख्य झाडात शोधा:

गिट लॉग --वनलाइन --ग्रेप='बिनयुटिल्स २.३८' -- आर्क/रिस्कव्ही

सापडलेली कमिट (नोंदवलेला बदल) 'गिट चेरी-पिक -एक्स' ने तेवढीच उचलून आणा. '-एक्स' विसरू नका. त्यामुळे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात राहतो आणि दोन वर्षांनी हे कुठून आलं ते कळतं.

चेरी-पिक जुळलं नाही तरी घाबरायचं कारण नाही, बदल दोनच ओळींचा आहे. आर्क/रिस्कव्ही/मेकफाइल उघडा. तिथे 'रिस्कव्ही-मार्च-वाय' हा चल अक्षरं जोडत जोडत तयार होतो. तो पूर्ण झाल्यानंतर, पण केबिल्ड_सीफ्लॅग्जमध्ये वापरला जाण्याआधी, दोन ओळी घालायच्या. पहिली 'सीसी-ऑप्शन-वायएन' या मदतनिसाला विचारते, की हा कंपायलर '_झीसीएसआर_झीफेन्सआय' जोडलेला मार्च स्वीकारतो का. दुसरी उत्तर 'वाय' असेल तरच ते शेपूट चलाला जोडते. विचारल्याशिवाय जोडू नका. जुन्या टूलचेनला ही नावं ठाऊकच नाहीत, आणि मग तुमचं बिल्ड सुटेल पण शेजाऱ्याचं पडेल.

सोर्सला हात लावायची परवानगीच नसेल, किंवा घाईत एकदाच बिल्ड हवं असेल, तर आज्ञेतूनच पर्याय देता येतो. केसीफ्लॅग्ज (सी फाइलींसाठी) आणि केएफ्लॅग्ज (असेंब्ली फाइलींसाठी) हे दोन चल मेकला दिले की त्यांतला मजकूर ओळीच्या शेवटी जोडला जातो, आणि मार्च दोनदा आला तर शेवटचा खरा मानला जातो. पाय अडकतो तो इथे. सी फाइलींसाठी 'आरव्ही६४आयएमएसी_झीसीएसआर_झीफेन्सआय' चालतं. तेच असेंब्ली फाइलींना दिलंत तर दशांश रजिस्टरं जपून ठेवणारी एफपीयू.एस फाइल अडेल, कारण तिला एफ-डी हवेच असतात. केएफ्लॅग्जमध्ये म्हणून 'आरव्ही६४आयएमएएफडीसी_झीसीएसआर_झीफेन्सआय' असं लिहायचं. एक चूक दुरुस्त करताना दुसरी ओढवून घेण्याचं हे नमुनेदार उदाहरण. (त्या फाइलच्या नावातला 'एस' रोमन लिपीत मोठा आहे. नागरीत मोठं-लहान अक्षर नसल्याने सांगून ठेवतो: मोठ्या एसची फाइल आधी प्रीप्रोसेसरमधून जाते, लहान एसची थेट असेंब्लरकडे.)

शेवटचा पर्याय फक्त त्या एका जागेपुरता. इनलाइन असेंब्लीत सूचनेच्या आधी '.ऑप्शन पुश' आणि '.ऑप्शन आर्क, +झीसीएसआर', नंतर '.ऑप्शन पॉप'. '.ऑप्शन आर्क' २.३८ पासूनच मिळतं, त्यामुळे जुन्या असेंब्लरवर हेच औषध विष ठरतं. काही जण त्याहून पुढे जाऊन सूचनेऐवजी थेट आकडे लिहितात. फेन्स.आयसाठी ०एक्स००००१००एफ हा आकडा अचूक आहे आणि कुठलाही असेंब्लर त्याला नाही म्हणणार नाही. पण सीएसआरआरमध्ये रजिस्टर कंपायलर निवडतो. आकड्यात तुम्ही ए५ कोरून ठेवलंत आणि कंपायलरने ए४ निवडलं, तर बिल्ड होईल आणि घड्याळ चुकीचं चालेल. असं कर्नल शोधून काढण्यापेक्षा अडलेलं बिल्ड परवडलं.

आकड्यांचा मार्ग मुळातच वाईट आहे असं नाही. x८६ कर्नलमध्ये एसटीएसी आणि सीएलएसी या सूचना कित्येक वर्षं '.बाइट' च्या रूपात लिहिलेल्या होत्या, कारण किमान मान्य असेंब्लरला त्या येत नव्हत्या. किमान आवृत्ती वर सरकली तेव्हा नावं परत आली. रिस्क-फाइव्हमध्येही इन्सन-डेफ.एच मध्ये अशी व्यवस्था आहे: असेंब्लरला '.इन्सन' येत असेल तर ते, नाहीतर '.४बाइट'. रजिस्टरांचे आकडे तिथे मॅक्रो नीट बसवतो. स्वतः हाताने करण्यापेक्षा तो साचा वापरा.

जीसीसी जुना, असेंब्लर नवा

वरची दुरुस्ती करूनही बिल्ड अडलं तर जोडी विजोड आहे. झीसीएसआर आणि झीफेन्सआय ही नावं मार्चमध्ये घ्यायला जीसीसी ११.१ मध्ये शिकला. बिनयुटिल्सला ती २.३६ पासून कळतात. म्हणजे जीसीसी १० आणि बिनयुटिल्स २.३८ अशी जोडी असली, तर कंपायलरला नावं सांगता येत नाहीत आणि असेंब्लर त्यांच्याशिवाय ऐकत नाही. क्लँग १७ च्या आधीचा असेल आणि असेंब्लर ग्नूचा, तरी हाच पेच.

इथे उपयोगी पडतो तो तिसऱ्या प्रयोगातला पर्याय. कंपायलरला काहीच न सांगता फक्त असेंब्लरच्या कानात सांगायचं: '-डब्ल्यूए,-मिसा-स्पेक=२.२'. म्हणजे बाबा, तू जुनाच कायदा धर. २०२३ मध्ये कर्नलने हे कॉन्फिगरेशनमध्येच आणलं. 'टूलचेन_नीड्स_एक्स्प्लिसिट_झीसीएसआर_झीफेन्सआय' आणि 'टूलचेन_नीड्स_ओल्ड_आयएसए_स्पेक' हे दोन पर्याय .कॉन्फिगमध्ये दिसले तर ते आपोआप ठरलेले असतात. हाताने बदलायला जाऊ नका, पण कोणता चालू आहे ते जरूर पाहा, निदान होतं. त्यांचं केकॉन्फिगमधलं मदतवजा टिपणही वाचा. कोणत्या आवृत्तीपासून काय बदललं ते तिथे नीट लिहिलं आहे.

माझं मत विचाराल तर विजोड जोडी सांभाळण्यात शहाणपण नाही. कर्नल.ऑर्गवर कर्नल बांधण्यासाठीच तयार केलेले क्रॉस कंपायलर मिळतात, त्यांत जीसीसी आणि बिनयुटिल्स जुळवूनच दिलेले असतात. एक उतरवा, क्रॉस_कंपाइलमध्ये त्याचा पूर्ण मार्ग द्या, झालं. सी-डॅकचे वेगा किंवा आयआयटी मद्रासचे शक्ती प्रोसेसर हेही रिस्क-फाइव्हच. अशा बोर्डांवर हात बसवणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर टूलचेनची आवृत्ती प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

याच घराण्यातली इतर दुखणी

ऑब्जटूल 'मिसिंग सिम्बॉल' म्हणत असेल, विशेषतः x८६ वर थंक_६४.ओ च्या नावाने, तर तिथे सूचना अनोळखी नाही, चिन्ह गायब आहे. २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या बिनयुटिल्स २.३६ ने कुणी न वापरलेली सेक्शनची चिन्हं लिहिणं बंद केलं, आणि ती असणारच असं गृहीत धरलेल्या कर्नलच्या साधनांचा पाय घसरला. रेकॉर्डएमकाउंट हे कर्नलचं आणखी एक साधन 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल फॉर सेक्शन' म्हणतं तेव्हाही मूळ हेच. इथे मार्चशी खेळून काही होणार नाही, त्या त्या साधनाची दुरुस्तीच चेरी-पिक करावी लागते.

पॉवरपीसीवर २.३८ च्या सुमारास 'पीटीईसिंक', 'डीएसएसऑल' आणि 'एसटीबीसीएक्स.' अनोळखी ठरल्या. असेंब्लर आधी सढळ हाताने सगळ्या सूचना घ्यायचा, मग प्रोसेसर पाहून घेऊ लागला.

क्लँगची गोष्ट निराळी. 'एलएलव्हीएम=१' दिलं की ५.१५ पासून त्याचा स्वतःचा अंगभूत असेंब्लर आपोआप वापरला जातो, आणि तो व्याकरणाच्या मास्तरांसारखा कडक आहे. x८६ वरच्या एका क्रिप्टो फाइलमध्ये 'मूव्हझेडएक्सडब्ल्यू' असं लिहिलं होतं. ग्नूने ते वर्षानुवर्षं चालवून घेतलं, क्लँगने नाकारलं. बरोबर रूप 'मूव्हझेडडब्ल्यूक्यू'. सूचनेला आकाराचा प्रत्यय नसेल तर ग्नू अंदाज बांधतो, क्लँग 'ॲम्बिग्युअस' म्हणून परत पाठवतो. तात्पुरतं 'एलएलव्हीएम_आयएएस=०' देऊन ग्नूकडे जाता येतं. बिल्ड झालं तर चूक असेंब्लरच्या शिस्तीची, हे तरी पक्कं होतं. पण या बाबतीत मी मास्तरांच्या बाजूने आहे. प्रत्यय लिहा, तो दोघांनाही चालतो.

झालं म्हणण्याआधी

बिल्ड संपलं म्हणजे काम संपलं नाही. ज्या फाइलवर अडलं होतं तिची ऑब्जेक्ट फाइल 'ऑब्जडम्प -डी' ने उघडा आणि सूचना खरोखर आहे का पाहा. ए५ मध्ये टाइम वाचणारी सूचना सी०१०२७एफ३ अशी दिसते, शेजारी 'आरडीटाइम ए५' असं लिहिलेलं असेल. नाव वेगळं दिसलं म्हणून दचकू नका. आरडीटाइम हे त्याच सूचनेचं लाडकं नाव आहे.

मग क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवा:

क्यूईएमयू-सिस्टीम-रिस्कव्ही६४ -मशीन व्हर्ट -नोग्राफिक -कर्नल आर्क/रिस्कव्ही/बूट/इमेज

रूट फाइलसिस्टीम दिली नाही तर शेवटी पॅनिक येईलच, पण तोपर्यंतचे संदेश पुरेसे असतात. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स.

पॅच कुणाला पाठवणार असाल तर जुन्या असेंब्लरवरही एकदा बिल्ड करून पाहा. उबुंटू २०.०४ च्या कंटेनरमध्ये २.३४ मिळतो, तिथे दहा मिनिटांत कळतं. कमिट संदेशात चुकीचा मूळ मजकूर, दोन्ही हत्यारांच्या आवृत्त्या आणि तीन ओळींच्या प्रयोगाचा निकाल लिहा. पुढच्या माणसाने शोधखिडकीत 'अनरेकग्नाइज्ड ऑपकोड' टाकलं, की त्याला तुमचीच कमिट सापडली पाहिजे.